शब्बाथच्या ताटाशेजारचं शिसं

रब्बी पिन्हास घरात शिरला तो झाकणं उघडतच. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, पवित्र वचनांच्या छोट्या डबीला, त्यानं बोटं टेकवली, बोटांचा मुका घेतला आणि तीच बोटं फ्रेहाच्या ऑलिव्हच्या बरणीत घातली. नखांत काळी घाण. दाढीत सकाळच्या अंड्याचा पिवळा कण वाळून चिकटला होता आणि तो बोलायला लागला की कणही हलायचा. फ्रेहानं बरणीवर झाकण ठेवलं.

“काहीतरी बसलंय या घरात,” बी मोरीत थुंकत तो म्हणाला. “दारातच वास आला मला.”

“कांद्याचा आला असेल,” फ्रेहा म्हणाली. “शुक्रवार आहे. स्वयंपाक चाललाय.”

“आई, नका ना असं बोलू,” तिची सून ओस्नात कळवळली.

फ्रेहा पुन्हा कांद्याकडे वळली. ओस्नातला दोनदा दिवस गेले आणि दोनदा तिची कूस रिकामी झाली. तेव्हापासून ती आणि फ्रेहाचा मुलगा अमराम मीठ कमी पडलं तरी भांडत. घराची शांतता उडाली की त्सफात गावात कुणीतरी येऊन नजर उतरवणाऱ्या पिन्हासचं नाव सांगतंच.

त्याला मोठं भांडं हवं होतं. ओस्नातनं फळीवरची हंडी काढून दिली. शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला लागणाऱ्या विसाव्याच्या दिवसाचा, गहू आणि मांस रात्रभर मंद आचेवर ठेवायची हंडी. फ्रेहानं ती माहेरच्या सेफ्रू गावाहून बोटीतून मांडीवर धरून आणली होती. ती हां हां म्हणेपर्यंत पिन्हासनं त्यात पाणी ओतलंसुद्धा.

शिसं पाडणं फ्रेहाला नवं नव्हतं. सेफ्रूत तिची आईच ते करायची. नजर लागलेल्या पोराच्या डोक्यावर चादर धरायची, वर पाण्याचं भांडं, त्यात वितळलेलं शिसं. चर्र व्हायचं आणि पोर दचकून हसायचं. मग आई तो गोळा फडक्यात घेऊन, मान फिरवून, चौरस्त्यावर भिरकावून यायची. “बघितलं की त्यात चेहरा दिसतो गं,” म्हणायची, “आणि चेहरा दिसला की तो शेजारणीचाच असतो.”

पिन्हासनं ओस्नातला डोक्याचा रुमाल सोडायला लावला. तिच्या मोकळ्या केसांवर चादर टाकली आणि चादरीखाली हात घालून किती तरी वेळ मंत्र पुटपुटत राहिला. शिसं पडलं. धुरानं घशात कडवट चव आली. मग त्यानं गोळा बाहेर काढला आणि नखानं टोकरत उजेडात धरला.

“हे नाक. ही हनुवटी. बाई आहे. वय झालेली.” बोटं चाटत त्यानं फ्रेहाकडे पाहिलं. “बाहेरची नाही. याच घरातली नजर आहे.”

त्याच वेळी अमराम पाव घेऊन दारात आला होता. त्यानं सगळं ऐकलं आणि फरशीकडे बघत राहिला.

“गोळा अमावस्येपर्यंत घरात ठेवा,” पिन्हास म्हणाला. “आणि तोवर म्हातारीला दुसरीकडे निजू दे. घर निवेल.”

तो गेल्यावर अमराम म्हणाला, “थोडेच दिवस, आई. अक्कोला मावशीकडे. रविवारी मीच नेऊन सोडतो.”

तिच्या तोंडाशी शब्द आले होते. पण शुक्रवारची दुपार. आई सांगायची, या वेळी सैतान उंबऱ्यावर बसून भांडणाची वाट बघत असतो. दिवे लागेपर्यंत आलेला शब्द गिळायचा. फ्रेहानं गिळला. ओकारी गिळावी तसा गिळला. मावशीच्या त्या ओल येणाऱ्या खोलीतून म्हातारी माणसं परत येत नाहीत, हे अमरामलाही ठाऊक होतं.

संध्याकाळी तिनं दिवे लावले आणि डोळ्यांवर तळवे धरले. तळव्यांना शिशाचा वास येत होता. डोळे उघडले तर गोळा टेबलावरच, मिठाच्या वाटीशेजारी. ओस्नातनं तिथं ठेवला आणि राहून गेला. आता शब्बाथ लागला होता. उद्या तारे दिसेपर्यंत अशा बिनकामाच्या वस्तूला हात लावायची सोय नव्हती.

अमराम प्रार्थनेहून आला. देवदूतांच्या स्वागताचं गाणं त्यानं चांगल्या सुरात म्हटलं. द्राक्षारसावर आशीर्वाद आधी म्हणायचा, म्हणून पावाला कमीपणा वाटू नये यासाठी पावावर भरतकामाचं कापड नीट ओढलं, कोपरे सरळ केले. फ्रेहा त्याच्या हातांकडे बघत होती. पावाची लाज राखणारा हा माझा मुलगा. तिला त्याचीही किळस आली, आणि त्या किळसेची तिला भीती वाटली.

पावाचा तुकडा तिच्या तोंडात फिरत राहिला. समोर ते नाक, ती हनुवटी. तिला खरोखरच उमासा आला. तिनं तुकडा रुमालात काढला.

“अमराम, ते बाहेर टाकून ये.”

“आई, शब्बाथ आहे. हात कसा लावू?”

“आजोबांनी उंदीर उचलला होता.”

ती गोष्ट त्यानं शंभरदा ऐकली होती. सेफ्रूला शब्बाथच्या जेवणात टेबलाखाली मेलेला उंदीर सापडला. शब्बाथला काडीलाही हात न लावणाऱ्या आजोबांनी तो शेपटीला धरून बाहेर नेला. म्हणाले, ज्याची किळस येते ते समोर ठेवून शब्बाथ होत नाही. अशी घाण उचलायला मुभा आहे.

“तो उंदीर होता, आई. हे रब्बींनी दिलेलं आहे.”

“मला उंदरासारखंच वाटतंय.”

अमराम घुटमळला. घाण म्हणावं तर उचलता येत होतं. पण मग पिन्हासचं सगळंच घाण ठरत होतं, अक्कोसकट. त्यानं बायकोकडे पाहिलं.

ओस्नातनं ताट दूर सारलं होतं.

“मलाही येतेय किळस,” ती हळूच म्हणाली. “चादरीखाली त्याची बोटं माझ्या केसांत होती. मानेवर. मंत्र म्हणत होता म्हणून मी हलले नाही. दुपारपासून मानेवर काहीतरी चिकटलंय असं वाटतंय.”

अमरामचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तो उठला. दोन बोटांच्या चिमटीत गोळा धरला, हात अंगापासून लांब ठेवला आणि गल्लीच्या टोकाला कचऱ्याच्या पिंपात टाकून आला. पिंपाचा आवाज घरापर्यंत ऐकू आला.

मग त्यानं किती तरी वेळ हात धुतले.

“आई, अक्कोचं...”

“जेव,” फ्रेहा म्हणाली. “निवतंय.”

तिनं ओस्नातला आपल्या शेजारी ओढलं, तिच्या मानेवरून शालीच्या कोरड्या टोकानं हलकेच पुसलं आणि रुमाल नीट बांधून दिला. अमराम समोर बसून पाव मोडत होता. तिच्या मुलाचेच हात, लहानपणी तिनं धुतलेले. त्यानं पुढे केलेला तुकडा तिनं घेतला, पण ताटाच्या कडेला ठेवला. रविवारी ती आपल्याच पलंगावर उठणार होती. त्याच्या हातचा घास मात्र त्या रात्री तिच्या घशाखाली उतरला नाही.