गोरक्ष जागा राहिला

"झोपवायचं न्हाई," गोरक्ष म्हणाला. "हात कापायचा तर कापा, पन माझ्या डोळ्यांदेखत."

हात कापायचा विषय कोणीच काढला नव्हता. चाकणच्या त्या हॉस्पिटलात डॉक्टर विजयश्री भूल कशी द्यायची एवढंच सांगायला आल्या होत्या. सकाळी कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट सापडलं होतं. ते वाचवता येतं का, हे हाडांचे डॉक्टर आता ऑपरेशन थिएटरमध्ये बघणार होते.

गोरक्ष मुळातच संशयी. दूधवाला जुन्या ओळखीचा, तरी दुधाचा थेंब नखावर सोडून बघितल्याशिवाय हा पातेलं पुढे करायचा नाही. गॅसवाल्याला वजनकाटा मागायचा. बायको म्हणायची, अंतरपाट दूर व्हायच्या आधीच यांनी वाकून बघितलं होतं, पलीकडे ठरलेलीच नवरी उभी आहे ना म्हणून. पण आजच्या संशयाला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव ज्ञानदेव.

ज्ञानदेव त्याच्याच प्रेसशॉपमधला. त्या प्रेसशॉपची एक रीत आहे. शिफ्ट सुटली की गेटवर जाणारे येणाऱ्यांना दोन्ही पंजे वर करून दाखवतात, म्हणजे आहेत बाबा सगळी बोटं. ज्ञानदेवही दाखवतो, आठ. त्याचा हात सापडला तेव्हा त्याला पूर्ण बेशुद्ध करून आत नेलं होतं, आणि शुद्धीवर आला तेव्हा दोन बोटं गेलेली होती. "वाचवायची म्हटलं तर मानूस सा महिने घरी बसतो," तो अजून सांगतो. "कापली की लगेच मशीनवर. कंपनीला काय परवडतं, तूच सांग."

आणि आज सुपरवायझर सुजित मघापासून दाराबाहेर हाडांच्या डॉक्टरांशी हळू आवाजात बोलत होता. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद पडलाय हे गोरक्ष त्याला आठवडाभर सांगत होता. त्या माणसाने डॉक्टरांच्या कानाला लागावं, याचा अर्थ काय घ्यायचा?

"बरं, नाही झोपवत," विजयश्री म्हणाल्या. "नुसता हात बधिर करू. हाताकडे जाणाऱ्या नसा इथं मानेखाली आहेत. सोनोग्राफीवर बघून त्यांच्याभोवती औषध सोडते."

"सोनोग्राफी? मी काय पोटुशी हाय?"

नर्स हसली. विजयश्रींनी मशीनचा पडदा त्याच्याकडे वळवला आणि गळ्याच्या हाडावर गार, बुळबुळीत जेल लावलं. पडद्यावर राखाडी ढगांसारखं काहीतरी हलायला लागलं.

"हे माझंच कशावरनं?" गोरक्षने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जोरात श्वास घेतला. पडद्यावरचं सगळं वरखाली झालं. "हां. माझंच हाय."

"सुई आत असताना असली परीक्षा घ्यायची नाही," विजयश्रींनी दटावलं. "हे काळं धडधडतंय ती रक्तवाहिनी. शेजारी द्राक्षांचा बारका घोस दिसतोय, त्या नसा. खाली चमकतंय ते फुप्फुस, तिकडे जायचं नाही. म्हणूनच तर बघत जायचं."

सुईची पांढरी रेघ घोसाजवळ येऊन थांबली. औषध सुटलं तसं घोसाभोवती काळं पाणी पसरलं आणि द्राक्षं सुटी झाली. गोरक्षची पापणी हलली नाही. थोड्या वेळाने हात गरम झाला, जड झाला, आणि मग त्याचा राहिलाच नाही. बर्फ लावला तरी कळेना. गंमत म्हणजे हात टेबलावर उघडा पडलेला दिसत होता, आणि त्याला मात्र मूठ मिटलेली वाटत होती.

"असं होतं," विजयश्री म्हणाल्या. "शेवटची जी खबर मिळालेली असते, मेंदू तीच धरून बसतो."

मधे हिरवा पडदा लावला. पलीकडचं दिसत नव्हतं, म्हणून गोरक्ष कान देऊन पडला. हाडांचे डॉक्टर एखादं वाक्य बोलत आणि बराच वेळ गप्प होत. "पुन्हा जोडू." "कोमट पाणी सोडा." मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, "ये बाबा, ये."

"कुनाला बोलावत्यात?" त्याने विचारलं.

"रक्ताला," विजयश्री म्हणाल्या. "बोटात परत यावं म्हणून."

दुपार सरत आली तेव्हा हाडांचे डॉक्टर पडद्याच्या अलीकडे आले. त्यांच्या कपाळावर चष्म्याचे वळ उठले होते. "दादा, रक्त येत नाही. ठेवलं तर सडेल आणि हात धोक्यात येईल. काढावं लागेल."

हेच वाक्य ऐकायला गोरक्ष जागा राहिला होता. "दाखवा," तो म्हणाला.

विजयश्री नको म्हणत होत्या, पण तो ऐकेना. पडदा खाली केला. डॉक्टरांनी मधल्या बोटाचं नख दाबून सोडलं. पांढरं झालं, लगेच गुलाबी झालं. मग शेजारचं दाबून सोडलं. पांढरं झालं, पांढरंच राहिलं. डॉक्टर पुन्हा दाबायला लागले.

"ऱ्हाऊ द्या," गोरक्ष म्हणाला. "कळलं. काढा."

पडदा वर जायच्या आधीच त्याने मान फिरवली. कुणावर तरी संशय घ्यायला हवा होता, त्याचा आधार वाटला असता. तो कुणावरच येईना.

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर ज्ञानदेव वॉर्डात आला. त्याची नजर आधी बँडेजकडे गेली.

"सेन्सर दुपारीच बसवला," तो म्हणाला. मग खाटेशी वाकला. "तू जागा व्हतास ना? मग सांग. वाचत व्हतं ना? मुद्दाम कापलं ना त्यांनी?"

नुसतं व्हय म्हटलं असतं तर दोघांना जन्मभर चहाच्या टपरीवर पुरेल एवढा राग मिळाला असता. गोरक्षला म्हणावंसं फार वाटलं.

"न्हाई," तो म्हणाला. "लई खटपट केली. रक्तच येईना. मीच म्हनलो काढा."

ज्ञानदेव खाटेच्या कडेला बसला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. "म्हंजी माझी पन..."

"तुझ्या टायमाचं मला ठावं न्हाई. तू झोपलेला व्हतास."

ज्ञानदेव थोड्या वेळाने उठला. दारापाशी जाऊन वळला आणि सवयीने दोन्ही पंजे वर केले.

गोरक्षने डावा हात उचलला. उजवा उशीवर तसाच पडून होता, अजून झोपलेला. मग त्याने डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं आणि दोन्ही हात एकदम वर केले, बँडेजसकट. त्याला अजून मूठ मिटलेलीच वाटत होती, पाची बोटांची.