हक्कसोडीची खूण

दिनानाथ गुरुजींना पालेगावचं पुस्तक लिहायला सहा वर्षं लागली आणि पुस्तकांची मांडणी करणाऱ्या श्रद्धाला ते छपाईसाठी जुळवायला सहा आठवडे. शेतं टॉवरखाली गेली, निदान कागदावर तरी राहू देत, हा गुरुजींचा हट्ट. पुस्तकात प्रत्येक शेताची आणि प्रत्येक माणसाची वेगळी नोंद होती. शेताच्या नोंदीत, ज्या घराचं ते शेत त्या घरातल्या माणसांसाठी ‘पाहा, पान अमुक’ असं यायचं. ते आकडे हाताने भरायचे नसतात. प्रत्येक नोंदीला फाईलमध्ये कंसात एक आतलं नाव द्यायचं, त्यावरून सॉफ्टवेअर पान शोधतं. ही आतली नावं छापली जात नाहीत. गुरुजींनी ती स्वतःच टाईप केली होती, कारण मास्तराला दुसऱ्याच्या हातचं काम कधी पटलंय?

रविवारी पहिली प्रत चामटोलीला जाणार होती, गुरुजींच्या थोरल्या बहिणीकडे. कौसाबाई ब्याऐंशीच्या. फोनवर एकच विचारायच्या, “माझा नाव हाय ना रं त्यात?”

शुक्रवारी दुपारी अंबरनाथच्या आपल्या खोलीत श्रद्धाने छपाईआधी शेवटची म्हणून सगळी पानं चाळली. जागोजागी ‘पाहा, पान ??’. गुरुजींच्या स्वतःच्या शेतापुढेही तेच. कौसाबाईंची नोंद शोधली, तर ती पुस्तकातच नव्हती. अशा नऊ नोंदी गायब होत्या आणि नवाच्या नऊ बायकांच्या.

फाईल उघडल्यावर कारण सापडलं. त्या नऊ जणींच्या आतल्या नावापुढे, कंस बंद होण्याआधीच, गुरुजींनी टक्क्याचं चिन्ह टाकलं होतं. टक्का दिसला की हे सॉफ्टवेअर उरलेली ओळ वाचतच नाही. नावाचा कंस कुठे संपला ते त्याला कळलं नाही आणि त्याने अख्खी नोंद गिळून टाकली. चुका आल्या तरी थांबू नकोस, असं घाईघाईत श्रद्धानेच त्याला सांगून ठेवलं होतं. आपलेच दात आपलेच ओठ.

तिने फोन केला तसे गुरुजी रिक्षा करून आले.

“सर, हे टक्के कशाला?”

“ती माझी खूण आहे. ज्या बहिणींनी हक्कसोड करून दिली, त्यांच्यापुढे. बापाच्या जमिनीतला वाटा भावाच्या नावे सोडायचा. आमच्यात चालच आहे. भाऊबीजेला माहेर उघडं राहावं, म्हणून पोरी सही करतात.”

श्रद्धाच्या आईनेही माहेरी, सोनिवलीला, अशीच सही केली होती. श्रद्धाला राग आला, पण तो गिळून तिने नऊ चिन्हं काढली. दोन मिनिटांत प्रश्नचिन्हं गेली आणि कौसाबाई सत्त्याऐंशी पानावर आल्या. गुरुजींचा जीव भांड्यात पडला.

श्रद्धाचा मात्र पडला नव्हता. “सर, आतलं नाव तर छापतच नाही. ही खूण कुणाला दिसणारच नव्हती. मग लावलीत कुणासाठी?”

गुरुजींनी पडद्यावरच्या सत्त्याऐंशी पानाकडे पाहिलं.

“माझ्यासाठीच,” ते म्हणाले. “कागद मीच घेऊन गेलो होतो चामटोलीला. माझी बहीण भाकऱ्या थापत होती. हात पुसले आणि अंगठा दिला. काय लिहिलंय ते मी वाचून दाखवलं नाही.”

गुरुजींनी खुर्ची पुढे ओढली.

“माझ्या शेताच्या नोंदीत लिही. ‘या शेतात माझी बहीण कौसाबाई हिचा अर्धा वाटा होता. तो मी, दिनानाथने, तिला न सांगता लिहून घेतला. पाहा, पान ८७.’”

तिने लिहिलं. “छापायला पाठवू?”

“थांब. आधी तिला ऐकवतो.”

त्यांनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि ती दोन वाक्यं वाचली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“बाय, ऐकतेस ना?”

“ऐकतंय,” कौसाबाई म्हणाल्या. “मना तवाच ठाव होता रं. तुला ठाव हाय का, तेच बघत होते इतकी वर्सं.”