हिरवी पाटी

"चढला, चढला!" चौकातली गर्दी घाबरून ओरडली. नगरपालिकेच्या भिंतीवरच्या विजेच्या पाटीवर हवेतल्या धुळीचा आकडा दिसतो, तो लालभडक झाला होता. दोनशे नव्वद. तेवढ्यात भट्टीवाल्याच्या गाडीतून वायुमहाराज उतरले. त्यांनी डोळे मिटले आणि हात वर केला.

"घ्या, श्वास घ्या! आत घेताना माझं नाव, सोडताना तुमचं पाप! वारा माझा सख्खा भाऊ आहे, माझ्या शब्दाबाहेर नाही!"

भाऊ भलताच आज्ञाधारक निघाला. दोनशे. एकशेवीस. अठ्ठेचाळीस. पाटी हिरवीगार झाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

आज आठवा दिवस होता. गावाला लागूनच्या भट्टीला धुरापायी बंदची नोटीस लागली होती. सलग आठ दिवस सकाळी दहाचा आकडा हिरवा आला, तर प्रादेशिक प्रदूषण मंडळ ती मागे घेणार होतं. दहाला वीस मिनिटं होती.

गच्चीवरच्या धूळमापक यंत्राचा फिल्टर दर सोमवारी बदलणारी नगरपालिकेची मदतनीस गर्दीत उभी होती. खांद्यावर तिची पाच वर्षांची लेक. आठ दिवसांपूर्वी साहेबांनी तिला बजावलं होतं, "गच्चीवर फिरकायचं नाही. महाराजांचे शिष्य साधनेला बसलेत." नोकरीचा प्रश्न, ती गप्प बसली होती. पण आता लेकीच्या छातीतली शिट्टी तिला थेट कानाशी ऐकू येत होती.

"आई, पंप दे ना," लेक पुटपुटली.

पंप कुठून देणार? महाराजांच्या पायाशी टोपली होती आणि तीत दम्याच्या पंपांचा ढीग. शुद्ध वाऱ्यात औषध म्हणजे वाऱ्याचा अपमान, असं महाराज म्हणाले होते. गल्लीतल्या म्हाताऱ्या पोस्टमनने पहिला पंप टाकला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी, सुनेला न विचारता, नातीचा टाकला.

"सासूबाई, हिचे ओठ बघा!" ती शेजारी उभ्या सासूबाईंना म्हणाली.

ओठ जांभळे पडत होते. सासूबाईंनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा नातीकडे. "पण आकडा तर हिरवा आहे गं," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

मग ती कुणाचं ऐकणारी राहिली नाही. टोपलीजवळच्या शिष्याला ढकलून तिने टोपली रस्त्यावर पालथी केली. एकेक पंप उचलून ती बाजूला टाकत गेली. अखेर लेकीच्या पंपावरचा फुलपाखराचा स्टिकर दिसला. एक दाब. लेकीने कसाबसा ओढला. दुसरा. मग तिसरा.

"अश्रद्धा!" महाराज गरजले. "हवा अमृतासारखी झाली आणि ही बाई पोरीला विष पाजतेय!"

तिचं लक्षच नव्हतं. लेकीचं नाक पुसलेला पांढरा रुमाल तिच्या हातात होता आणि त्यावर काजळी उमटली होती. एवढी काजळी नाकात जाते, तर हवा अमृताची कशी?

"हिला डॉक्टरांकडे न्या, पळा!" लेकीला सासूबाईंच्या कडेवर देऊन ती जिन्याकडे धावली. गच्चीची दुसरी किल्ली आठ दिवस तिच्याच पर्समध्ये होती.

वर साधना जोरात चालली होती. म्हणजे असं, की एक शिष्य कानाला फोन लावून, खालच्या इशाऱ्याची वाट बघत यंत्राशेजारी उकिडवा बसला होता. शेजारी पाण्याची बादली. यंत्र ज्या नळीने हवा ओढतं, तिच्या तोंडाला ओल्या फडक्याचं जाड गाठोडं बांधलेलं.

"ताई, हात लावू नका, साहेबांनी..."

तिने गाठोडं ओरबाडून काढलं. खाली पाटी नव्वदवर गेली, दीडशेवर गेली, लाल झाली. लोक किंचाळले, बायकांनी पोरांना पदराखाली घेतलं.

"पाहिलंत? तिच्या पापाने वारा कोपला!" महाराज ओरडले, पण आवाज चिरकला होता.

तिने गाठोडं पुन्हा दाबून धरलं. आकडा उतरला, पाटी हिरवी. काढलं, लाल. मग ती ओलं फडकं हातात घेऊन कठड्यावरून ओरडली, "महाराज, तुमचा हात खालीच होता! मग वारा कुणाचं ऐकत होता? तुमचं की या फडक्याचं? अहो, यंत्राच्या नाकावर बोळा होता! यंत्राला धूळ मिळाली नाही, तुमच्याआमच्या पोरांना मिळाली! खोटं वाटत असेल तर जिना मोकळा आहे, या आणि स्वतः करून बघा!"

आधी शाळेतली बाई चढली, मग लोहार, मग सगळेच. ज्याने त्याने फडकं लावून काढून पाहिलं. महाराज गाडीत शिरले, तर ड्रायव्हर गाडी सोडून कधीच पसार झालेला. दहा वाजले. साहेबांनी घाम पुसत तीनशेचा आकडा नोंदवला. दुसरं करतात काय, अख्खं गाव बघत होतं.

डॉक्टरांकडून निरोप आला, पोरगी बरी आहे. तेव्हा कुठे ती खाली येऊन रस्त्यावरच मटकन बसली आणि रडली. भोवती लोक आपापले पंप वेचत होते, एकमेकांकडे न बघता.

एक पंप उरला. रबर बँड गुंडाळलेला.

"पोस्टमनकाकांना कुणी पाहिलं?" तिने विचारलं. चार दिवसांत कुणीच पाहिलं नव्हतं.

ती काकांच्या घराकडे धावली. दार नुसतं लोटलेलं होतं. काका खिडकीशी खुर्चीत ओणवे बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, समोर चौकातली पाटी. तिने पंप त्यांच्या तोंडाशी धरला. दोन-तीन दाबांनंतर त्यांना शब्द फुटला.

"पोरी, रोज हिरवी दिसायची गं. सगळ्यांना श्वास येतो, मलाच का येत नाही? वाटलं, माझीच श्रद्धा कमी पडली."

"काका, पाटी खोटी होती," ती त्यांची पाठ चोळत म्हणाली. "तुमची छाती खरं सांगत होती. यापुढे आधी तिचं ऐका. आणि कुणी चमत्कार दाखवला, की आधी गच्चीची किल्ली मागा."