दावा लावायचा कुणावर?

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, गाडी शिकवणारे. उभा जन्म शेजारच्या सीटवर बसून लोकांना क्लच सोडायला शिकवण्यात गेला. शिकाऊ माणसाने गाडी ठोकली की शिव्या कुणी खायच्या? मास्तरांनी. धंद्याचा नियमच तो, त्याबद्दल त्यांची कधी कुरकुर नव्हती. म्हणून तर त्या दिवशी वकीलबाईंच्या टेबलावर त्यांनी हात आपटला.

"म्हणजे लस बनवणारा मोकळा? अहो बाई, माझी भिंगरी गेली! धडधाकट पोर, कॉलेजात जाणारी. लस घेतली आणि घरी येता येता रस्त्यातच तिचा गळा सुजला, श्वास अडकला, खेळ खलास. आणि कंपनीला साधा जाबही विचारायचा नाही?"

वकीलबाई वयाने मोठ्या, आवाज न चढवणाऱ्या. "मास्तर, साथीत सरकारने तातडीची मंजुरी दिली, तेव्हाच हा कायदा केला. कंपनीने जाणूनबुजून फसवलं असेल तरच दावा, एरवी नाही. हे संरक्षण नसतं तर लस बनवायला कुणी पुढे आलंच नसतं. किती जीव वाचले, तुम्हीही पाहिलंत."

पाहिलं होतं ना! मास्तरांची म्हातारी आई त्याच लसीने तगली होती. ते नाकारता येत नव्हतं, म्हणून तर अंगाची जास्तच लाही व्हायची. शहाणपणाच्या चार गोष्टी ऐकून कुणाचं लेकरू परत आलंय? भरपाई नको होती त्यांना. कुणीतरी समोर उभं राहून "आमचं चुकलं" म्हणावं, एवढंच हवं होतं. त्यासाठी बिचाऱ्यांनी वर्षभर कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, साहेबलोकांशी हुज्जत घातली. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा.

शेजारच्या खुर्चीत त्यांची बायको बसली होती. ती लसीकरण केंद्रात नर्स, त्यामुळे सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. लाडात आले की मास्तरसुद्धा तशीच हाक मारायचे. अलीकडे लाड कुठले आलेत म्हणा.

"एकच वाट उरते," वकीलबाई चाचरत म्हणाल्या. "टोचणाऱ्यालाही संरक्षण आहे, पण नियम पाळला असेल तरच. लस दिल्यावर अर्धा तास माणसाला तिथेच बसवायचं, नजरेखाली. मुलगी बसली होती का?"

मास्तर ताडकन उठले. "चल गं, निघू आपण."

"नव्हती बसली," सिस्टर म्हणाली. "मीच टोचलं आणि मीच उठवलं तिला."

आता ही गोष्ट मास्तरांना ठाऊक नव्हती, असं नाही. भिंगरीला सुईची भयंकर धास्ती, आईशिवाय कुणाला दंड पुढे करीना. आईने टोचलं आणि लगेच स्कूटरवर मागे बसवून घरी निघाली. परक्याच्या पोरीला हिने जागचं हलू दिलं नसतं, इतकी कडक बाई! बसवून ठेवते म्हणून लोक तिच्या नावाने बोटं मोडायचे. पण आपली लेक, आणि सोबत नर्स आहे की, मग कसली काळजी? घरातच नर्स असली की असा घात होतो. पहिल्या दिवसापासून मास्तरांनी हे मनात दाबून ठेवलं होतं.

"दावा लावा," सिस्टर म्हणाली. "माझ्यावर."

"वेड लागलंय का तुला?"

"लागलं असतं तर सुटले असते. अहो, साऱ्या जगाला जाब विचारत हिंडलात, मला एकदाही विचारलं नाहीत. वाढलं की मुकाट्याने जेवता, पाठ फिरवून झोपता. रोज वाटायचं, आज विचारतील. निदान कोर्ट तरी विचारेल."

वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि काहीतरी निमित्त काढून बाहेर गेल्या. भली बाई.

मास्तर पुन्हा खुर्चीत बसले. विचारलं तर उत्तर ऐकावं लागणार, आणि ते ऐकून हिच्याबरोबर एका घरात राहवेल की नाही, याचीच त्यांना भीती होती. लेक गेली ती गेली. बायकोही गमावायची हिंमत त्यांच्यात नव्हती. पण आता पळायला जागाच उरली नाही.

"का उठवलंस गं तिला?" त्यांनी शेवटी विचारलं.

सिस्टर म्हणाली, "भूक लागली होती तिला. भीतीने सकाळपासून घास घेतला नव्हता. टोचून झालं तशी हसायला लागली. 'आई, चल ना, पोटात कावळे ओरडतायत.' मी म्हटलं, चल, गरम गरम वाढते."

मास्तर हमसून हमसून रडले. तिचा हात घट्ट धरून म्हणाले, "मीही उठवलं असतं गं. देवाशप्पथ, मीही उठवलं असतं."

सिस्टरने मान हलवली.

"नसतं उठवलंत. तुम्हाला यातलं काही कळत नाही, म्हणून तुम्ही घाबरून तिच्याजवळ बसून राहिला असतात. मला सगळं कळत होतं."