तारेवरून सुटलेला गज

मी व्हायोलिनचा गज बोलतोय. कौतुक सगळं व्हायोलिनचं होतं आणि झिजतो मी, पण ते असू द्या. लाकडाची वाकवलेली काडी आणि घोड्याच्या शेपटीचे केस, एवढाच माझा पसारा.

पुणतांब्याच्या पीरमहंमदांनी ऐन उमेदीत मला आणलं. पंचक्रोशीत भजन असो की लग्न, साथीला आम्ही. त्यांचा एकच दंडक होता. गज तारेवरून सुटता कामा नये; सुटला की सूर तुटला. मीही इमानदारीत तारेला चिकटून राहिलो आणि त्यालाच जगणं समजलो.

म्हातारपणी त्यांचा हात कापू लागला. एका भजनात लांब सुरावर मी आपोआप टणटण उड्या मारायला लागलो. लोक खाली मान घालून हसले. पीरमहंमदांनी मला पेटीत ठेवलं ते ठेवलंच. त्या उड्यांची मलाही फार लाज वाटत राहिली.

यंदा त्यांच्या नातीने, शिफाने, पेटी उघडली. ती राहात्याच्या शाळेत व्हायोलिन शिकते. स्नेहसंमेलनातल्या धूनमध्ये गज नाचवायचा होता. ज्ञानेश्वरी मॅडमनी सांगितलं होतं, "गज उडव." जमलं नाही तर तिची जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

"नाना, सरावाला घेऊ का?" तिने पीरमहंमदांना विचारलं.

"घे. पन उडवू नको. माझी शोभा झाली तेवढी पुरे."

पण उडवल्याशिवाय जागा कशी राहणार? गच्चीवर ती मला मुठीत आवळून उचलायची आणि तारेवर आदळायची. माझं अंग खिळखिळं झालं. नाना कबुतरांना दाणे टाकत होते. शेवटी त्यांना राहवेना. "मोडशील त्याला. आन इकडं."

शिफाने रडवेलं होऊन मला कठड्यावर ठेवलं. खुराड्यात एक कबुतर राहिलं होतं. सवयीने तिने ते तळहातावर घेतलं, बोटं सैल केली आणि ते आपलं आपण गेलं. ती स्वतःच्या हाताकडे बघतच राहिली.

"नाना, मॅडम 'उडव' म्हनाल्या, म्हनून मी उचलत हुते. कबुतराला मी कुठं उचलून फेकते? उडू देते."

तिने मला पुन्हा घेतलं, अगदी सैल. काडीचा मधला भाग तारेवर, छोट्या छोट्या ओढी. आणि मी सुटलो. खाली तार नव्हती, काही नव्हतं. मग तार आली आणि त्या तारेनेच मला परत वर धाडलं. माझा बाक मी नुसता दिखाव्याचा समजत होतो. तो यासाठी होता! सुपात ज्वारी नाचावी तसे सूर नाचत होते, आणि मी हवेत होतो. एवढ्या वर्षांत मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

नानांच्या मुठीतले दाणे मुठीतच राहिले.

"न्हाई तुटला," ते हळूच म्हणाले. "सूर तुटला न्हाई गं."

मग त्यांनी हात पुढे केला. "दे जरा." तो हात तसाच कापत होता. मी तारेवर टेकलो आणि उडायला लागलो.

"नाना, आवळू नका हां."

"न्हाई आवळत," ते म्हणाले आणि वाजवत राहिले.

आता माझे केस विरळ झालेत, काडीला बारीक चीर गेलीय. संमेलनाला शिफा मलाच नेणार आहे. पुढचं ठाऊक नाही. वाजवून झालं की केसांचा ताण उतरावा म्हणून माझा स्क्रू तेवढा सैल करा. आणि नानांनी हात पुढे केला, तर तो कापतोय म्हणून मला मागे घेऊ नका.