भटवाडीचं सेंटर

"महिनाअखेर आपण हे सेंटर बंद करतोय, मॅडम," शौनक म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

सुलक्षणा घाडीने हातातले ग्लोव्हज काढून डब्यात टाकले. काचेपलीकडे यंत्रांना जोडलेली माणसं पडून होती. कुणाचं रक्त गाळून होत आलं होतं, कुणाचं नुकतंच सुरू झालं होतं. घाटकोपरच्या या डायलिसिस सेंटरची ती इन्चार्ज होती. कंपनीच्या ऑफिसातून आलेला शौनक वयाने तिच्या भाच्याएवढा होता आणि पोरगा वाईट नव्हता.

"पेशंट मावत नाहीत इथे. मग बंद कशाला?"

"सेंटर छान चाललंय, प्रश्न तो नाहीये. कंपनीत पैसा परदेशातल्या एका पेन्शन फंडाचा आहे. आता तिकडेच व्याज वाढलंय, म्हणून ते इथून पैसा काढतायत. मोठी सेंटर्स विकणार, छोटी बंद." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुम्हाला अंधेरीच्या मोठ्या सेंटरला घेतायत. ट्रेनर म्हणून. पगारही वाढेल."

"आणि ह्यांना?"

"ते पण अंधेरीला येऊ शकतात ना."

चार तास यंत्रावर काढून उठलेल्या माणसाला खालच्या रिक्षापर्यंत जाताना भिंत धरावी लागते. तो आठवड्यातून तीनदा अंधेरी गाठणार.

पूर्वी ती जवळच्याच भटवाडीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या दवाखान्यात होती. तिथे देणग्यांवर चालणारी चार जुनी यंत्रं होती. एक बंद पडलं की पेशंटला पुढच्या तारखेची वाट बघावी लागायची, आणि काहींना ती तारीख मिळायची नाही. मग ही कंपनी आली. काचेचे दरवाजे, नवी यंत्रं, आणि सुरुवातीचा दर मंडळाहूनही कमी. पेशंट तिकडे वळले, त्यांच्यामागून सुलक्षणाही गेली. मंडळाला देणगी देणारे म्हणाले, आता कशाला? वर्षभरात भटवाडीचं सेंटर बंद पडलं. नव्या जागी ती पाण्याची तपासणी शिकली, जंतुसंसर्ग कसा टाळायचा ते शिकली. पूर्वी परत पाठवावी लागायची तशी माणसं तिच्या हाताखाली जगली. गेल्याचा पस्तावा तिला कधी झाला नव्हता.

बातमी दुपारपर्यंत सगळ्या खुर्च्यांवर पोचली. बँकेतून रिटायर झालेले जयवंतराव डोळे मिटून बोलत होते. "बाहेरचा पैसा पाहुण्यासारखा येतो, सुलक्षणा. आपण घरची भांडी मोडीत काढून त्याच्यासाठी नवी ताटं मांडतो. तो उठून गेला की कळतं, ताटं त्याचीच होती."

शेजारच्या खुर्चीवरून रत्नप्रभा मावशी म्हणाल्या, "पावण्याक कित्याक बोल लावतास, भाऊनू? भांडी मोडीत काढली ती आपणच मां."

संध्याकाळी सुलक्षणा भटवाडीत गेली. मंडळाचे अध्यक्ष श्यामकांतभाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी तिला बसही म्हटलं नाही.

"तेव्हा मी तुला काय सांगितलं होतं? जाऊ नको म्हणून."

"सांगितलं होतं. पण मी गेले ते बरोबरच होतं, भाऊ. तेव्हा आपल्याला जमत नव्हतं ते आता मला जमतं. आपलं सेंटर पुन्हा चालू करू. दवाखान्यावरचा हॉल उघडा."

"हॉलमध्ये गणपतीचं सामान आहे."

"सामान कुठेही राहील."

भाऊ गुडघ्यावर हात टेकून उठले आणि चावी आणायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी तिने शौनकला गाठलं. "चार यंत्रं भटवाडीला द्या. आणि लेखी द्या."

"मॅडम, ते माझ्या हातात नाही."

"ज्याच्या हातात आहे त्याला फोन लाव. यंत्रं हलवायची म्हटली तरी खर्च, ठेवायची म्हटली तर गोडाऊन लागणार. हे सांग त्याला. मी बसलेय इथे."

तो फोन घेऊन जिन्यात गेला, परत आला, पुन्हा गेला. आठवडाभर त्याने वरच्यांचा पिच्छा पुरवला आणि शेवटी यंत्रं मिळाली. ट्रकमध्ये चढवताना त्याने स्वतः खांदा दिला. "माझीही नोकरी जातेय, मॅडम," तो सहज म्हणाला. सुलक्षणाने त्याला समोरच्या टपरीवर नेऊन चहा पाजला.

अंधेरीच्या नोकरीला तिने नाही कळवलं. किडनीच्या एका डॉक्टरांना गळ घालून भटवाडीत यायला तयार केलं. यंत्रांना लागणारं पाणी शुद्ध करायचा मंडळाचा जुना प्लांट मात्र इतके दिवस बंद राहून खराब झाला होता. भाग बदलले, पाणी तपासायला पाठवलं. रिपोर्ट वाईट आला. "उकळून नाही का चालणार?" भाऊंनी विचारलं. "नाही चालणार," ती म्हणाली आणि प्लांट पुन्हा खोलायला लावला.

तोवर कंपनीचं सेंटर बंद झालं होतं आणि पेशंट अंधेरीला जात होते. जयवंतरावांनी एकदा जायचा कंटाळा केला. बायकोला म्हणाले, आज अंगात त्राण नाही, परवा जाऊ. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या छातीत पाणी भरलं. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसरा रिपोर्ट चांगला आला तेव्हा त्यांचे दिवस चालू होते. सुलक्षणा त्यांच्या घरी भेटून आली आणि तशीच हॉलवर जाऊन यंत्रं लावायला लागली.

सेंटर सुरू झालं त्या सकाळी भाऊंनी नारळ फोडला. भाषण कुणी केलं नाही. पहिली पाळी रत्नप्रभा मावशींची होती. खुर्चीवर टेकून त्यांनी डावा हात पुढे केला आणि खिडकीकडच्या खुर्चीकडे पाहिलं.

"थंय वारो बरो येता," त्या म्हणाल्या. "जयवंतरावांका आवाडली असती."

सुई टोचण्याआधी सुलक्षणाने मावशींच्या हातावर, डायलिसिससाठी ऑपरेशन करून शीर जोडलेल्या फुगीर जागी दोन बोटं ठेवली. कातडीखाली रक्त बारीक थरथरत होतं, मुठीत धरलेल्या भुंग्यासारखं. लागतो त्याहून थोडा जास्त वेळ तिने बोटं तिथेच ठेवली. मग सुई उचलली.