वळणावरचा दिवा

"वहिनी, ती तेलाची बाटली मागे ठेवा. सांडेल," अर्गिरिस म्हणाला.

"सांडलं तर माझ्याच कपड्यांवर सांडेल. तुम्ही रस्त्याकडे बघा, भाऊजी," स्तामाता म्हणाली आणि बाटली तिने दोन्ही पायांत घट्ट धरली.

गाडी पार्नोनचा डोंगर उतरत समुद्राकडे निघाली होती. चेस्टनटची झाडं मागे पडली, ऑलिव्हच्या बागा लागल्या, एका ठिकाणी शेळ्यांनी रस्ता अडवला. अर्गिरिसच्या तोंडाला मात्र सकाळपासून खळ नव्हता. एरवी हा दीर अख्ख्या प्रवासात चार शब्द बोलेल तर शपथ. आज बागा बघा, फुलं बघा, हवा काय सुरेख पडलीय म्हणून चाललं होतं.

"समुद्र बघा, वहिनी. काय दिसतोय आज."

"ओळखीचा आहे तो माझ्या."

स्तामाताने गावच्या बेकरीत भट्टीपुढे उभं राहून जन्म काढला. ती पाव भाजायची आणि तिचा नवरा अनेस्तिस ते गाडीत भरून समुद्राकाठच्या गावांना पोचवायचा. एका पहाटे वळणावर शेळ्या आडव्या आल्या. त्याने शेळ्या वाचवल्या आणि स्वतः गाडीसकट दरीत गेला. त्या वळणावर तिने खांब रोवून पत्र्याचं छोटं देवघर बसवलं होतं. काचेच्या दाराआड संत निकोलस, अनेस्तिसचा फोटो आणि तेलाचा दिवा. बसवाला तिच्यासाठी तिथे बस थांबवायचा. ती तेल घालून येईपर्यंत उतारूंपैकी कधी कुणी कुरकुरलं नाही. वसंतात ती बस बंद झाली आणि तिचं येणंही थांबलं. आज अनेस्तिस गेल्याचा दिवस, म्हणून दिराला सवड झाली होती.

वळण आलं. अर्गिरिसचा हात सवयीने क्रुसाची खूण करायला कपाळाकडे गेला, तिथून छातीकडे उतरला आणि अर्ध्यावरच थबकून पुन्हा स्टिअरिंगवर आला. देवघर तिथे नव्हतं. तिथे लाकडी ओटा होता, त्यावर छत्र्या आणि टेबलं होती, आणि कठड्याला टेकून माणसं समुद्राचे फोटो काढत होती.

"कुठे आहे?" स्तामाताने विचारलं.

"आधी कॉफी घेऊ. आपल्या लाम्ब्रोसचंच आहे हे. उन्हाळ्यात सुरू केलं पोराने."

"कुठे आहे, विचारतेय मी."

"दोन वळणं खाली. संगमरवरी करून घेतलंय, तुमच्या पत्र्याच्या डब्यापेक्षा शंभर पटीने चांगलं. लोक इथे मजेला येतात, वहिनी. समोर मेलेल्या माणसाचा फोटो म्हटल्यावर घास उतरत नाही त्यांना."

"तो खाली नाही मेला. इथे मेला."

"देव तर तोच आहे ना?"

"देव तोच. पण भाऊ कुणाचा होता, भाऊजी?"

अर्गिरिसने गाडी ओट्याशी उभी केली आणि किल्ल्या चाळवत तो खाली उतरला.

अर्गिरिसच्या मुलाने, लाम्ब्रोसने, काकूला अगदी पुढचं टेबल दिलं. कठड्याच्या पायथ्याशी कापलेल्या खांबाचं बोटभर लोखंड सिमेंटमधून वर राहिलं होतं. स्तामाताला ते दिसलं. कॉफी आली, सोबत पाण्याचा ग्लास. ती अर्धं पाणी प्यायली आणि उरलेल्या पाण्यात तिने बाटलीतलं तेल ओतलं. मग पिशवीतून बुचावरची वात काढून तेलावर तरंगत सोडली आणि काडी ओढली.

शेजारच्या टेबलावरच्या बाईने हसून मान डोलावली आणि दिव्याचा फोटो काढला.

लाम्ब्रोस ट्रे घेऊन थांबला. "काकू, भारी दिसतंय हे. संध्याकाळी सगळ्या टेबलांवर ठेवायला हवं."

स्तामाता त्याच्याकडे बघत राहिली. हाच लहानपणी अनेस्तिसच्या गाडीत, पावाच्या टोपल्यांत बसून समुद्रावर जायचा.

"चला, वहिनी," अर्गिरिस खालच्या आवाजात म्हणाला. "खाली नवा दिवा लावू. मासे सांगून ठेवलेत."

"तुम्ही व्हा पुढे."

"आणि तुम्ही?"

"तेल आहे अजून."

तिने बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली. समुद्राकडून वारा आला तसा तिने ज्योतीभोवती तळहाताचा आडोसा केला. भट्टीने राठ झालेल्या त्या हाताला चटका कळत नव्हता. मागे दोघं-तिघं त्या टेबलासाठी ताटकळत उभी होती. तिने मान वळवली नाही.